सायकलने राजगड आणि पायथ्याशी तंबू: दोन दिवसांचा बेत कसा बसवायचा

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडचे चौघे जण, सगळ्यांकडे गिअरच्या सायकली (दोन हायब्रिड, दोन एमटीबी म्हणजे माउंटन बाइक), डिसेंबरातला एक शनिवार-रविवार. शनिवारी दुपारी जेवून निघायचं, राजगडाच्या पायथ्याला तंबू ठोकायचा, रविवारी सकाळी आरामात गड बघायचा, तीन-चारच्या सुमाराला परत निघून रात्री घरी. गड याआधी केलेत, सायकलही चालते, पण दोन्ही एकत्र कधी केलेलं नाही. जमेल का आणि तयारी काय लागेल?

जमेल. गडाची निवडही चांगली आहे. वेळापत्रक मात्र बदला. असे बेत शनिवारी कधी फसत नाहीत, शनिवारी सगळे ताजे असतात. फसतात ते रविवारी दुपारी, जेव्हा गड उतरून पोटऱ्या भरलेल्या असतात, तंबू अजून गुंडाळायचा असतो आणि समोर साठेक किलोमीटर सायकल उरलेली असते. म्हणून रविवारच्या सूर्यास्तापासून उलटं मोजत या.

डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि साडेसहाला उजेड संपतो. अंधारात आणि रविवारच्या परतीच्या गर्दीत महामार्गावर सायकल नको, तेव्हा जुना कात्रज बोगदा साडेचारपर्यंत ओलांडलेला हवा. पायथ्यापासून बोगद्यापर्यंत साधारण ४५ किलोमीटर. थकलेले पाय, मागे सामान, मध्ये चहा-पाणी असं सगळं धरून ताशी १२ च्या वर हिशोब करू नका, म्हणजे चार तास. पायथा साडेबाराला सोडायचा. त्याआधी जेवण आणि आवराआवर सव्वा तास, म्हणजे सव्वाअकराला गडाखाली. उतरायला दीड तास, म्हणजे पावणेदहाला परतीची पहिली पायरी. गडावर दोन तास हवेत, तर पावणेआठला वर. चढायला दोन तास, म्हणून पावणेसहाला पायथ्यावरून निघायचं आणि पावणेपाचला उठायचं. सूर्योदय सातच्या सुमाराला असल्यामुळे पहिला तास-सव्वा तास टॉर्चच्या उजेडात चढाल.

हे गणित आवडलं नाही तर त्यातला एक तुकडा काढून टाका, पण कुठलाही तुकडा आवळू नका. "उतरताना पटापट उतरू" किंवा "परतीला उतार जास्त आहे" अशा भरवशावर वाचवलेला अर्धा तास हमखास अंगावर येतो.

वाट कुठली

पुण्यातून राजगडाकडे सायकलने जायला दोन रस्ते आहेत. पहिला कात्रजचा जुना घाट, शिंदेवाडी, खेड शिवापूर, चेलाडी फाट्याला महामार्ग सोडून नसरापूर, मार्गासनी. तिथून साखरमार्गे गुंजवणे, किंवा वेल्ह्याच्या रस्त्याने पुढे जाऊन वाजेघर-पाल खुर्द. कोथरूडातून हे अंतर ६० ते ६५ किलोमीटर धरा. दुसरा खडकवासला, खानापूर, रांजणे, पाबे घाट आणि विंझर. या रस्त्यावर ट्रक नाहीत आणि निसर्ग कितीतरी पटीने सुंदर आहे. पण पाबे घाटाचा चढ तीव्र आहे, आणि मागच्या चाकावर आठ किलो बांधलेले असताना तो आणखी तीव्र होतो. एमटीबीवाल्यांना खालचा गिअर मिळेल, हायब्रिडवाल्यांना कदाचित सायकल ढकलत न्यावी लागेल. पहिल्या खेपेला जाता-येता कात्रज मार्गच धरा. पाब्याचा मोह आवरला नाही तर तो शनिवारी सकाळी, जाताना करा. रविवारी दुपारी त्या बाजूने परत येऊ नका. घाट उतरून खडकवासल्याला याल तोवर चौपाटीवरची आणि सिंहगडावरून उतरणारी सगळी वाहनं एकाच अरुंद रस्त्यावर अडकलेली असतात.

कात्रजबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. फोनवरचा नकाशा तुम्हाला बायपासवरचा नवा बोगदा दाखवेल. तिकडून जायचं नाही, यायचं तर मुळीच नाही. नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांबलचक उतार ब्रेक निकामी झालेल्या ट्रकच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. जुना घाट अरुंद आहे, त्यातला बोगदाही अंधारा आहे, पण वाहनांचा वेग कमी असतो. बोगद्यात शिरताना भर दिवसाही मागचा लाल दिवा चालू ठेवा आणि गॉगल काढा.

शिंदेवाडीपासून चेलाडी फाट्यापर्यंत जिथे सेवा रस्ता आहे तिथे तोच वापरा. तिथे उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या भेटतील, तेव्हा मान खाली घालून वेग धरायचं ते ठिकाण नव्हे. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरचे तुकडे पडलेले असतात आणि त्यातल्या बारीक तारा सायकलच्या टायरमध्ये घुसतात. या मार्गावरचे निम्मे पंक्चर त्या तारांचे आणि उरलेले नसरापूरच्या पुढच्या बाभळीच्या काट्यांचे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

मुक्काम गडावर नाही, गावात

राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे, आणि जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. गडावर तंबू ठोकणं, चूल पेटवणं हे डोक्यातूनच काढून टाका. नियम सोडले तरी तंबू, स्लीपिंग बॅग आणि स्वयंपाकाचं सामान वर नेणं म्हणजे रविवारच्या पायांवर शनिवारीच कर्ज काढणं.

गुंजवणे की पाल? गुंजवण्यातून चोर दरवाज्याची वाट चढते. ती उभी आहे, शेवटच्या टप्प्यात कातळ आणि रेलिंग आहेत, आणि रविवारी नऊ ते अकराच्या दरम्यान तिथे वर जाणाऱ्यांची आणि खाली येणाऱ्यांची कोंडी होते. एका वेळी एकच माणूस जाईल अशा जागा असल्यामुळे अर्धा-पाऊण तास नुसतं रेलिंग धरून उभं राहावं लागतं. पाली दरवाज्याची वाट राजमार्गाची. पायऱ्या बऱ्याच आहेत, रुंदी आहे, टॉर्चच्या उजेडात चढायला बिनधोक. अंधारात निघून वेळेवर उतरायचं असेल तर मुक्काम वाजेघर-पालच्या बाजूला करा आणि चढ-उतार दोन्ही पाली दरवाज्यानेच ठेवा. एका वाटेने चढून दुसरीने उतरायची कल्पना छान वाटते, फक्त सायकली डोंगराच्या दुसऱ्या बाजूला राहतात.

जागा आधी फोन करून ठरवा. पायथ्याच्या गावांत ट्रेकर्सची जेवणाची सोय करणारी घरं आहेत, चौकशी केली की नंबर मिळतात. अंगणात किंवा घराजवळ तंबू लावायची परवानगी, शनिवारी रात्रीचं पिठलं-भाकरी, रविवारी उतरल्यावर जेवण, शौचालय, आणि गडावर असताना सायकली आणि सामान ठेवायला पडवी एवढं एका फोनमध्ये ठरवता येतं. पैसेही तेव्हाच मोकळेपणाने विचारून घ्या आणि रोख सोबत ठेवा, रेंज नसली की ऑनलाइन पैसे जात नाहीत. चारही सायकली एकमेकींना साखळीने बांधून ठेवा. दिवे, पंप, मीटर काढून घ्या. चोरीपेक्षा पोरांची हाताळणी जास्त होते, आणि गिअरशी खेळलेलं तुम्हाला थेट रस्त्यावर कळतं.

आता तंबूची जागा. डिसेंबरात वेल्ह्याच्या खोऱ्यात भाताची कापणी झालेली असते आणि रिकामी खाचरं सपाट, मोकळी दिसतात. तिथे तंबू लावू नका. विळ्याने कापलेल्या भाताचा बुडखा जमिनीवर बोटभर उरतो आणि विळा तिरका चालत असल्यामुळे त्याचं टोक अणकुचीदार होतं. वरून दाब आला की ते तंबूच्या तळाच्या कापडातून आरपार जातं. हवेची गादी असेल तर तीही गेली. शिवाय खाचरात ओल टिकून असते, उंदरांची बिळं बांधांत असतात, आणि उंदरांमागे घोणस येते. खळं किंवा सारवलेलं अंगण सगळ्यात उत्तम. जमीन टणक मुरमाड असेल तर तंबूसोबत आलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून सहा इंची लोखंडी खिळे आठ-दहा घेऊन ठेवा, नाहीतर दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. गोठ्याच्या जवळ जागा दिली तर नम्रपणे जरा लांबची मागा, पहाटेपर्यंत गोचिडी आणि डास दोन्ही भेटतात.

चौघांना चार जणांचा एक तंबू घेण्यापेक्षा दोघांचे दोन बरे. वजन वाटता येतं, आणि छोट्या अंगणातही बसतात. तंबू दुहेरी हवा, म्हणजे आत जाळीचा आणि वर वेगळं छप्पर. खोऱ्यातल्या गावात रात्री थंड हवा साचते आणि पहाटे दव इतकं पडतं की छपरावरून पाणी ओघळतं. त्यात आत झोपलेल्यांच्या श्वासातल्या वाफेची भर. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या की ही वाफ कापडावर बसते आणि पहाटे स्लीपिंग बॅग ओली लागते. तंबू गळतो असा समज इथेच होतो. वरच्या झडपा उघड्या ठेवा, वरचं छप्पर आतल्या कापडाला टेकणार नाही इतकं ताणा, आणि झोपण्याआधी पुन्हा एकदा ताणा, कारण ओलं झाल्यावर नायलॉन सैल पडतं. तंबूखाली प्लास्टिक अंथरणार असाल तर ते तळापेक्षा चार बोटं आत दुमडलेलं हवं. बाहेर राहिलेली कड छपरावरचं पाणी गोळा करून थेट तुमच्या खाली आणते.

डिसेंबरात पहाटेचं तापमान १० अंशांच्या आसपास किंवा त्याखालीही जाऊ शकतं. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन आकडे छापलेले असतात. त्यातला 'कम्फर्ट' लिहिलेला आकडा पाहा, तो ५ च्या आसपास असला की पुरे. 'एक्स्ट्रीम'चा आकडा म्हणजे जीव वाचेल, झोप लागेल असं नाही. आणि बॅगेपेक्षा खालच्या मॅटवर जास्त लक्ष द्या. अंगाखाली बॅगेतला कापूस चेपला जातो आणि त्याचा काही उपयोग उरत नाही, जमिनीची थंडी अडवते ती मॅट. दिवसभर घामात भिजलेला टी-शर्ट घालून झोपू नका, झोपायचे कोरडे कपडे वेगळे ठेवा.

सायकल आणि त्यावरचं सामान

पाठीवर सॅक घेऊन ६५ किलोमीटर सायकल चालवणं शक्य आहे, शहाणपणाचं नाही. खांदे आणि कंबर शनिवारीच धरतात. सामान कॅरियरवर, तेही जमेल तितकं खाली, म्हणजे दोन बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांमध्ये (पॅनियर). उंच बांधलेलं ओझं उतारावर हँडल थरथरवतं. हायब्रिडला कॅरियर बसवायला फ्रेमवर भोकं असतात. एमटीबीला नसतील तर सीटपोस्टला आवळायचे कॅरियर मिळतात, त्यांची क्षमता कमी असते, ती वाचूनच घ्या. कॅरियरचे बोल्ट निघण्याआधी आवळा आणि नसरापूरला चहाला थांबाल तेव्हा पुन्हा बघा, खडखडाटाने ते सैल होतातच. रबरी बंजी दोरी वापरली तर तिची मोकळी टोकं आत खोचा. लोंबणारा हूक मागच्या चाकात गेला की तारा तुटतात, डिरेलरही (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) जातो, आणि तुमची सहल तिथेच संपते.

माणशी वजन आठ किलोच्या आत बसतं. अर्धा तंबू दीड किलो, स्लीपिंग बॅग सव्वा, मॅट अर्धा, कपडे एक, खाणं एक, पाणी दोन, बाकी हत्यारं आणि औषधं. यापेक्षा जास्त झालं तर कपडे कमी करा, पाणी नाही.

निघायच्या आठवडाभर आधी सायकल स्वतः तपासा. साखळी मोजायला साधी पट्टी पुरते. नव्या साखळीत २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात, त्याच कड्या बारा इंच आणि एक अष्टमांशावर गेल्या असतील तर साखळी बदला. बहुधा मागची कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) गेलेली असते, आणि चढावर जोर लावला की साखळी दात सोडून उडते. रिम ब्रेकचे पॅड त्यावरच्या खाचा बुजलेल्या असतील तर बदला. मागच्या चाकाच्या तारा दोन-दोन करून बोटांनी दाबून पाहा, एखादी ढिली लागली तर दुकानात नेऊन चाक सरळ करून घ्या. ओझ्याखाली सगळ्यात आधी तुटते ती मागच्या चाकाची, कॅसेटच्या बाजूची तार.

हवा: ३५ ते ४० मिमीच्या हायब्रिड टायरला ५५ ते ६५ पीएसआय, दोन इंची एमटीबीला ३५ ते ४०. ओझं मागे असल्यामुळे मागच्या टायरला पुढच्यापेक्षा पाच-सात जास्त. टायरच्या बाजूवर छापलेली मर्यादा मात्र ओलांडायची नाही.

प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब हव्यात. गावातल्या पंक्चरवाल्याकडे मोटरसायकलची ट्यूब असते, २९ इंची सायकलची नसते. चौघांत मिळून एक पंप, पंक्चर किट, टायर काढायच्या तीन पट्ट्या, मल्टिटूल, साखळीची जोडकडी, प्लास्टिकच्या टाय, आणि प्रत्येक सायकलचा स्वतःचा डिरेलर हँगर. हँगर हा बोटाएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा दर मॉडेलला वेगळा असतो. सायकल उजव्या अंगाला पडली की तोच वाकतो किंवा तुटतो, आणि दुसऱ्याचा बसत नाही. पातळ व्हॉल्व्हची (प्रेस्टा) ट्यूब असेल तर पेट्रोल पंपावरची हवा भरायला छोटा पितळी ॲडॉप्टर लागतो, खिशात असू द्या.

पंक्चर काढताना घाई होते ती इथे: ट्यूब बदलली, हवा भरली, दोन किलोमीटरवर पुन्हा बसली. कारण तार किंवा काटा अजून टायरमध्येच असतो. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळू फिरवा, सगळा घेर. टोचलं की बाहेरून चिमट्याने काढा.

पायात साधे फ्लॅट पेडल आणि ट्रेकचेच बूट. क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट घेतले तर गडासाठी दुसरे बूट वाहावे लागतील. ॲक्शनचे ट्रेकिंग बूट चालतात, त्याहून महाग असलेच पाहिजेत असं नाही. तळाची नक्षी झिजलेली नको. डिसेंबरात वाट कोरडी असते, मुरमावर बारीक खडीचा घसारा असतो आणि पाय घसरतो तो उतरताना.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग उतरवा, मग सोडा. ओझ्यासकट सायकल थांबायला नेहमीपेक्षा जास्त अंतर घेते, हे जुना घाट शिंदेवाडीकडे उतरताना लक्षात ठेवा.

पाणी आणि खाणं

सायकलवर तासाला अर्धा ते पाऊण लिटर, गडासाठी माणशी तीन लिटर. गडावर टाकी आणि तळी आहेत, पण त्या भरवशावर रिकामी बाटली नेऊ नका. वरचं पाणी प्यायचंच झालं तर गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात थेंबांचा उपयोग फार होत नाही, म्हणून आधी गाळणं. नुसतं पाणी पीत राहिलं तरी दुपारी पोटऱ्यांत गोळे येतात, कारण घामातून मीठ गेलेलं असतं. ओआरएसची लिटरची पाकिटं माणशी तीन घ्या. ती नसली तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजपंचे टाकू नका.

शनिवारचं रात्रीचं आणि रविवारचं दुपारचं जेवण गावातच घ्या. स्टोव्ह हवा तो पहाटेच्या चहा-पोह्यांसाठी, किंवा हौस म्हणून खिचडीसाठी. चौघांना दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, अर्धा तास भिजवून, सात-आठ वाट्या पाणी, कारण कुकर नसल्यामुळे वाफ उडून जाते. २३० ग्रॅमचा गॅसचा डबा या सगळ्याला पुरून उरतो. लिटरभर पाणी उकळायला साधारण १५ ते २० ग्रॅम गॅस जातो, तोही भांड्यावर झाकण आणि वाऱ्याला आडोसा असेल तर. पहाटे ज्योत मंद वाटली तर डबा बिघडलेला नसतो. ब्यूटेन शून्याच्या जवळ वायू होणंच थांबवतो आणि थंडीत त्याचा दाब कमी पडतो. डबा रात्री तंबूत, कपड्यांत गुंडाळून ठेवा. स्टोव्ह मात्र तंबूत कधीही पेटवायचा नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि नायलॉन पेटायला एक ठिणगी पुरते. गावात शेकोटी करायची असेल तर घरवाल्यांना विचारून, त्यांच्याच अंगणात. गवत वाळलेलं असतं, वणवा लागायला वेळ लागत नाही.

गडावर खाणं पिशवीत हातात धरून हिंडू नका, माकडं थेट हिसकावतात.

गडावर दोन तास

दोन तासांत राजगड बघून होत नाही, हे आधीच मान्य करा. पद्मावती माची आणि बालेकिल्ला, किंवा पद्मावती आणि संजीवनी माचीचा पहिला टप्पा. पहिल्यांदा जात असाल तर बालेकिल्ला घ्या, आणि आधी घ्या. त्याचा शेवटचा कातळातला चढ अरुंद आहे आणि गर्दी वाढली की तिथेही रांग लागते. संजीवनीची दुहेरी तटबंदी आणि सुवेळा माचीवरचं नेढं (कातळातलं आरपार भोक) यांसाठी वेगळी, बिनसायकलची खेप ठेवा.

आग्या मोहोळं या गडाच्या कड्यांवर असतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा हे सगळं टाळा. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. डोकं-तोंड कापडाने झाका आणि आल्या वाटेने, वाकून, पण न धावता बाजूला व्हा. गडावर धावणं हे डंखाहून घातक ठरू शकतं. डंख नखाने खरवडून काढा. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर थांबायचं नाही, १०८ ला फोन.

साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही नको. तो अवयव हलू न देता, माणसाला चालवत न नेता रुग्णालयात पोहोचवायचं. बूट रात्री तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला. जास्त भीती विंचवाची. फोनला रेंज सगळीकडे नसते, म्हणून नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या आणि वेळापत्रक घरी एकाकडे लिहून ठेवा: साडेसहापर्यंत फोन आला नाही तर कुणाला विचारायचं, यासकट. मुक्कामाच्या घरचा नंबर त्यात असू द्या.

आधीची चाचणी, आणि मधून सोडायची वाट

दोन-तीन आठवडे आधी एक शनिवार-रविवार असा करा: शनिवारी सामान बांधून कात्रजचा जुना घाट, खेड शिवापूर आणि परत. रविवारी सकाळी आतकरवाडीतून सिंहगड, पाठीवर चार-पाच किलो घेऊन. सुटी सुटी तयारी करून काही कळत नाही, सायकलीने थकलेले पाय दुसऱ्या दिवशी उतारावर कसे वागतात ते बघायचंय. सिंहगड उतरताना चौघांपैकी कुणाचे गुडघे बोलायला लागले तर राजगडाऐवजी तिकोना करा. तुम्ही कोथरूडचे, पौड-कोळवणमार्गे तिकोना पेठ तुम्हाला राजगडाहून जवळ, साताऱ्याचा महामार्ग लागत नाही, आणि गड तास-सव्वा तासात चढून होतो. तिथेही मुक्काम गावात करा. पवनेच्या काठावरच्या कॅम्पांवर शनिवारी रात्री स्पीकर लागतात आणि पावणेपाचला उठणाऱ्या माणसाला ते परवडत नाही. तंबूही आधी एकदा गच्चीवर लावून पाहा. अंधारात, टॉर्चवर.

राजगडच ठरला तर शनिवारी पहाटे साडेपाचला दिवे लावून निघा, दुपारी जेवून नाही. ऊन तापायच्या आत नसरापूर गाठलं की पुढचा रस्ता निवांत होतो, बाराच्या आत मुक्कामी पोहोचता, आणि दुपारी झोप मिळते. पहाटेच्या अंधारात सापडायला हवी म्हणून संध्याकाळी गडाच्या वाटेवर अर्धा तास चालून सुरुवात कुठून आहे ते बघून या. शेतातल्या पायवाटा टॉर्चच्या उजेडात सगळ्या सारख्याच दिसतात.

परतीसाठी एक छोटा हत्ती किंवा पिकअपवाल्याचा नंबर शुक्रवारीच मिळवून ठेवा. नसरापूर किंवा वेल्ह्याकडचा चालेल. चार सायकली त्यात उभ्या बसतात. मध्ये तंबूची मॅट किंवा गोधडी घाला, डिरेलरवर दाब येणार नाही असं बघा आणि चाकं बांधा. नियम असा ठेवा की दीड वाजेपर्यंत पायथा सुटला नाही, किंवा चौघांपैकी एकालाही गोळे येत असतील, तर चर्चा न करता गाडी बोलवायची. हा नियम शुक्रवारी ठरवा. रविवारी दुपारी ठरवायला बसलात तर सगळ्यात दमलेला माणूसच "मी ठीक आहे" म्हणतो.

सोमवारी कामावर जाण्याआधी तंबू पिशवीतून काढून गच्चीवर पसरा. दवाने ओला असतानाच गुंडाळलेला असतो, तसाच दोन-तीन दिवस राहिला तर बुरशी धरते आणि आतला जलरोधक थर चिकट होऊन सुटतो. खुंट्या मोजून ठेवा, एखादी अंगणात राहिलेली असतेच. साखळी कोरड्या फडक्याने पुसून तेल द्या, जादा तेल पुसून काढा, आणि कॅरियरचे बोल्ट पुन्हा एकदा बघा.